वर्षाची मोठी रजा

बोटीचं नावच काढायचं नाही, असं आईनं नंदकुमारला मुलुंड स्टेशनाबाहेर पुन्हा एकदा बजावलं. बोलायचं ते फक्त रजेबद्दल.

रत्नप्रभाबाईंचं चुकत नव्हतं. मुलगा नेव्हीत, वायरलेसवर. पगार चांगला, घाटकोपरला दोन खोल्या. तरी तीन ठिकाणांहून नकार आला होता आणि तिन्ही ठिकाणी कारण एकच. नवरा समुद्रावर, मग मुलीनं लग्न करून नुसती वाट बघत बसायचं का? नंदकुमारनं कोलंबो पाहिलं होतं, एडन पाहिलं होतं, माल्टाला तर तो दोनदा जाऊन आला होता. पण तिथल्या गमती सांगाव्यात असं घरी आईखेरीज कुणी नव्हतं, आणि आईला त्या सगळ्या पाठ झाल्या होत्या.

काशीराम राजाध्यक्षांनी दोघांचं आगतस्वागत केलं. त्यांची मुलगी वसुधा खोबऱ्याच्या वड्या घेऊन आली आणि सरळ समोरच्या खुर्चीत बसली. इंटर सायन्सची परीक्षा नुकतीच देऊन झाली होती. तिनं मान खाली घातली नाही की पदराशी चाळा केला नाही. नंदकुमारला ती पाहताक्षणी आवडली.

इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर तिनंच विचारलं, “तुम्हांला रजा किती मिळते?”

रत्नप्रभाबाईंनी मुलाकडे पाहिलं. नंदकुमार खुलला. वर्षाची मोठी रजा सलग दोन महिन्यांची, शिवाय मधूनमधून किरकोळ रजा, आणि वर रेल्वेचं वॉरंट. वॉरंट म्हटल्यावर वसुधाची आई दचकली. हे पकडायचं नव्हे, फुकट प्रवासाचं, असं त्यानं समजावून सांगितलं तेव्हा सगळेच हसले. नवराबायको दोघांनी गाडीत बसावं आणि थेट रामेश्वर गाठावं, सगळं सरकारी खर्चानं.

वसुधाचे डोळे चमकले. “आणि बाकीचं वर्ष?”

“बाकीचं वर्ष मी इथंच,” नंदकुमार म्हणाला. “बोट गोदीतच असते बहुतेक. संध्याकाळी सुटलो की घरी.”

“रोज?”

“रोज.”

हे मात्र खरं नव्हतं. बोट गोदीत होती ती दुरुस्तीपुरती. पण वसुधाचे आईवडील एकमेकांकडे बघून असे काही हसले की नंदकुमारला ते मागं घेववेना. वसुधा त्यानंतर फारसं बोलली नाही. लाजली असेल, असं त्याला वाटलं. निरोप द्यायला आपण स्वतः येऊ, असं काशीरामांनी निघताना सांगितलं.

तो आठवडा झकास गेला. रत्नप्रभाबाई शेजारणींना रामेश्वरच्या वाटेवर काय काय लागतं ते विचारून आल्या. नंदकुमार ड्यूटीवर शीळ घालतो म्हणून साहेबानं त्याला दोनदा झापलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

शनिवारी हुकूम आला. बोट पुढच्या महिन्यात निघणार. एडन, माल्टा करत पार इंग्लंडपर्यंत. परतायला वर्ष लागणार. मेसमध्ये पोरांनी ताटं बडवली. नंदकुमारनंही बडवलं. लंडन बघायचं त्याच्या मनात केव्हापासून होतं. मग एकदम वसुधा आठवली आणि त्याचा हात थांबला.

घरी आईनं सांगितलं, गप्प राहा, अक्षता पडल्या की मग बघू. त्यानं मान हलवली, पण ते त्याला पटेना. जिनं एवढं मनापासून ‘रोज?’ म्हणून विचारलं, तिला फसवून घरात आणायचं त्याच्याच्यानं होईना. रविवारी सकाळी आईला न सांगताच तो मुलुंडला गेला.

काशीराम दारातच भेटले. बाहेर जायच्या तयारीत होते. त्याला बघून ते गडबडले.

“अहो, मी तुमच्याकडेच निघालो होतो. निरोप द्यायला.”

होकार दाराशी येऊन उभा, आणि आपणच तो परत पाठवायचा. त्यानं काशीरामांना थांबायला सांगितलं. आधी वसुधाशी थोडं बोलायचंय, मग तुम्ही काय तो निरोप द्या, म्हणाला. काशीरामांनी नाइलाजानं तिला हाक मारली आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले.

वसुधा आली. तो बसलाच नाही.

“मी रोज घरी येणारा माणूस नाही,” तो म्हणाला. “पुढच्या महिन्यात बोट निघतेय. वर्षभर मी नसेन. पुढंही हे असंच चालणार, कधी आठ महिने, कधी दहा. त्या दिवशी तुम्ही नाही म्हणाल या भीतीनं खोटं बोललो.”

नंदकुमारनं जायची तयारी केली.

“आणि ती दोन महिन्यांची रजा?” तिनं विचारलं. “तीपण खोटी?”

“नाही, ती खरी. वॉरंटपण खरं. आलो की दोन महिने हवं तिथं फिरता येईल.”

“आणि तुम्ही नसाल तेव्हा मी मेडिकल कॉलेजात गेले तर?”

“जा की. मी कोण अडवणार? मी तर तिकडे माल्टात.”

वसुधा पहिल्यांदाच मोकळेपणी हसली. मग तिनं गॅलरीकडे वळून हाक मारली,

“बाबा, यांना नकार सांगू नका.”