बोंबलांखालचं पेन

हाडं ठिसूळ झाली म्हणून घिवलीच्या हिरूबायला रोज पोटात पेनचं इंजेक्शन घ्यावं लागे. टोचायची ती सून, ज्ञानेश्वरी. टोचून झालं की म्हणायची, "आई, लगेच उठू नका, चक्कर येईल." आणि चक्कर यायचीच. हिरूबायच्या मनात पाल चुकचुकली. हिला आधीच कसं कळतं?

पेन डॉक्टरलाच दाखवायचं तिने ठरवलं. तोवर सुनेचा हात लागू नये म्हणून ते फ्रीजच्या दारातून काढून बर्फाच्या कप्प्यात, बोंबलांच्या पिशवीखाली दडवलं. सून घाटावरची माळकरी, मासळीला बोटसुद्धा लावत नसे.

दुसऱ्या दिवशी बोईसरच्या दवाखान्यात, सुनेच्या देखतच, तिने पदरातून पेन काढलं. "डॉक्टर, ही यात कायतरी कालवते, टोचलं की चक्कर येते. तुमीच बगा."

डॉक्टर पेन बघून भडकले. "अहो, चक्कर या औषधानेच येते, सुनेला मीच सांगून ठेवलंय. पण हे तर गोठलंय! गोठलेलं औषध टोचायचं नसतं, फेकून द्यावं लागतं. बर्फात कोणी ठेवलं?"

पेनाला बोंबलांचा वास येत होता. हिरूबायची मान खाली गेली.

"मी ठेवलं," ज्ञानेश्वरी म्हणाली.

सून खोटं बोलते, हा हिरूबायचा संशय आज पहिल्यांदा खरा ठरला.