समोर बसलेलं गिधाड

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण हे गिधाड माझ्यासमोर दुपारभर बसून होतं!" चित्रकार बापूसाहेब रेगे एवढ्या मोठ्यानं बोलले, की शेजारी मृणालच्या चित्रापुढची गर्दी वळली. त्यांना तेवढंच हवं होतं. प्रदर्शन दोघांचं, पण सकाळपासून लोक त्या पोरीच्याच गिधाडाला चिकटलेले. रेग्यांचा नुसता जळफळाट चालला होता.

"मी म्हटलं, राजा, पंख पसर. त्यानं उन्हाला पाठ देऊन पसरले! मान खाली घाल म्हटलं, घातली! चहा तेवढा घेतला नाही."

लोक हसले, मोबाइल निघाले. रेगे फुलले.

मृणाल त्यांच्या चित्राजवळ वाकली. "काका, याचे डोळे पिवळे कसे? रानात यांचे तपकिरी असतात. पिवळे काचेचे डोळे बसवलेत ते म्युझियममधल्या पेंढा भरलेल्या गिधाडाला!"