उजव्या बाजूचं उत्तर

“अजून दुखतं,” ती म्हणाली. “वाकून पायात मोजासुद्धा घालता येत नाही.”

डॉक्टर गोंधळले. उजव्या खुब्याचं दुर्बिणीतून केलेलं ऑपरेशन तर छान झालं होतं. डावा खुबाही तसाच झिजत चालला होता आणि त्याचं काय करायचं ते आज ठरायचं होतं. पहिल्या बाजूला गुण आला की दुसऱ्या बाजूलाही बहुधा येतो, त्यांनी समजावलं. पण पहिलीलाच आराम नसेल, तर दुसरीला हात लावण्यात अर्थ नाही. मग लंगडतच दिवस काढायचे.

ती मान खाली घालून बसली. शेजारच्या खुर्चीत नवरा होता.

एके काळी ती अडथळ्यांच्या शर्यतीत पळायची. तो बुटांच्या दुकानात नोकरीला होता. ती आली की तो समोर गुडघे टेकून बसायचा, नाडी बांधायचा, अंगठ्याने बुटाचं टोक दाबून विचारायचा, बोटांना जागा आहे ना. ती मुद्दाम सगळे जोड काढायला लावायची. हिचे पाय दर महिन्याला वाढतात वाटतं, असं मैत्रिणी चिडवायच्या.

लग्न झालं. स्वतःचं दुकान झालं. तो गल्ल्यावर बसू लागला आणि घरी आला की पेपरामागे. बोलणं दूध आणलं का, दिवा घालवला का, एवढ्यावर आलं. ऑपरेशननंतर मात्र तो रोज सकाळी पुन्हा तिच्यासमोर गुडघे टेकून बसू लागला. मोजा चढवता चढवता जुन्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. पाय बरा झाला, तेव्हा तिने ते कुणाला सांगितलंच नाही.

“मग डाव्या बाजूचं राहू दे,” डॉक्टर म्हणाले.

“थांबा, डॉक्टर.” नवऱ्याने घसा साफ केला. मग हळूच सांगून टाकलं, की मागच्याच महिन्यात ही चांगली उकिडवी बसून कपाटाखालून मांजर ओढून काढत होती. त्याने दारातून पाहिलं होतं आणि पावलं न वाजवता तो मागे फिरला होता.

डॉक्टर हसू दाबत तारखा बघू लागले. तिचे कान लाल झाले.

“अहो, माहीत होतं, तर रोज सकाळी खाली कशाला बसत होतात?”

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “माहीत आहे म्हटलं असतं, तर उठावं लागलं असतं.”