हळद प्यालेलं विमान

खंडेनवमीला हँगरमधल्या मंडळींनी पान्यांसोबत नव्या विमानाच्या नाकालाही हळदकुंकू लावलं, आणि दसऱ्याच्या सकाळी अख्खं विमान शेपटापर्यंत पिवळंधमक झालं होतं. कुंकवाचा टिळा तेवढा जागच्या जागी होता.

"हे पत्र्याचं विमान नाही, सोपानराव," इंजिनियर वसुधा पाठारे भडकल्या. "याची कातडी प्रयोगशाळेत वाढवलीय, जिवंत आहे. लावाल ते पिते. दुपारी माणसं घेऊन उडायचंय याला. मी सही कशी करू?"

"मॅडम, चिमूटभरच लावली होती," मेकॅनिक सोपानराव पुटपुटले.

रागारागातच त्या शिडीवर चढल्या. गेल्या महिन्यात गारांनी पंखाला खड्डे पाडले होते आणि कुठल्याच लेपाने ते भरत नव्हते. वसुधाताईंनी हात फिरवला. पंख बाळाच्या गालासारखा गुळगुळीत लागला. यंत्राने जाडी तपासली, तीही चोख निघाली.

खाली सोपानराव शिडी धरून उभे होते. त्या मात्र शेजारच्या, तशाच जिवंत कातडीच्या आणि गारांनी खड्डे पडलेल्या विमानाकडे बघत होत्या.

"सोपानराव," त्या हळूच म्हणाल्या, "डबीत हळद उरलीय का?"