सतरा नंबर

शेजारच्या म्हाताऱ्याने खिमा भरलेल्या मीट पायच्या मधोमध बोट खुपसलं, त्या भोकात टोमॅटो सॉस ओतला आणि आतलं तपकिरी सारण सुर्रकन ओढलं. शिरीषने किळसून तिकडे बघितलं.

“दुसरीकडे बसू या का?” त्याने नीलाला विचारलं.

“अहो, तिकिटावर नंबर आहेत.” नीलाने शाल नाकापर्यंत ओढून घेतली होती.

कॅनबेराची जुलैतली, ऐन हिवाळ्यातली संध्याकाळ. एरवी जिथे फुटबॉल चालतो त्या मैदानाच्या मधोमध बर्फाचं तळं तयार करून ठेवलं होतं आणि दोन युनिव्हर्सिटींची पोरं त्यावर हॉकी खेळणार होती. उघड्यावर कुडकुडत बसायचं, आणि त्यासाठी लोकांनी रांगा लावल्या होत्या! पायऱ्यांवर बिअर सांडलेली. बूट उचलताना चिकटत होता. पुढच्या रांगेतला एक टोपीवाला सारखा थुंकत होता. आधीच सरावाला उतरलेल्या समोरच्या टीमच्या गोलकीपरच्या हेल्मेटखालून तर चक्क वेणी लोंबत होती. मुलींनाही घेतात म्हणे. हिच्या आईबापांना ठाऊक तरी असेल का, असं शिरीषच्या मनात आलं.

पण तो हॉकी बघायला आला नव्हता. तो सतरा नंबरला बघायला आला होता.

काल दुपारी दोघं वॉलॉंगॉंगहून गाडीने निघाले ते थेट इथल्या गुंगालिन उपनगरात, लेकीच्या फ्लॅटवर पोचले. शाल्मली इथे युनिला आल्यापासून पहिल्यांदाच. नीला बाथरूमचं दार उघडून तशीच मागे फिरली. आत माणूस मावेल एवढी बॅग होती आणि तिला असा वास मारत होता की विचारू नका. आंबलेल्या घामाचा, पुरुषी. शॉवरच्या दांडीवर भलीमोठी जर्सी वाळत होती. पाठीवर सतरा.

“कुणाचं हे?” शिरीषने विचारलं.

शाल्मली लाल झाली. “बाबा, प्लीज. उद्या मॅच आहे, तुमची तिकिटं काढलीयेत मी. सतरा नंबरकडे बघा. मग बोलू आपण. प्रॉमिस.”

“तू असशील ना बरोबर?”

“मी तिथेच असेन. संपली की भेटते.”

ती बाहेर गेल्यावर शिरीषने बाथरूममध्ये दुसरा टूथब्रश शोधला. एकच होता. लपवलेला असणार, हल्लीची पोरं हुशार असतात. त्याला सगळ्या जगाची किळस आली. दहा वर्षं भरतनाट्यम शिकलेली मुलगी, आणि असल्या वासाच्या माणसाबरोबर राहते! आज सकाळी त्याने गाडीची डिकी रिकामी करून ठेवली. मॅच संपली की तिचं सामान भरायचं आणि तिला घरी न्यायचं. युनि काय, वॉलॉंगॉंगलाही आहे.

बाकीचे खेळाडू आले. हेल्मेटच्या लोखंडी जाळ्यांमागे चेहरे दिसत नव्हते. सतरा नंबर सगळ्यांत शेवटी. बॅगेवरून धिप्पाड वाटला होता, निघाला एवढासा. बर्फावर उतरण्याआधी तो वाकला, बर्फाला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

“बघितलंस?” शिरीष म्हणाला. “नाचाआधी शाल्मली करते तस्सं. हेही तिच्याकडून उचललंय.”

“नमस्कार तरी करतोय ना.”

“ढोंगी आहे.”

ढोंगी तर होताच, वर रानटीही. त्याने आपल्या दुप्पट पोराला काठी अडकवून पाडलं. पंचाने त्याला शिक्षा म्हणून बाहेर बसवलं, तर तिथे बसून तोंडातला दातांचा गार्ड काढला, लालसर थुंकी टाकली आणि वेळ संपताच पुन्हा आत उडी घेतली.

“सेव्हंटीन इज अ रिपर, मेट!” सॉस पुसत म्हातारा कौतुकाने म्हणाला. “वॉच द फीट!”

शिरीषने बाटलीतलं पाणी प्यायलं. तेही बर्फासारखं.

“ह्याला जावई म्हणायचं?”

“अहो, अजून कुणी काही म्हटलेलं नाही,” नीला म्हणाली. “पण बाकीच्यांपेक्षा लहान आहे हो. लागेल त्याला.”

“लागू दे.”

थोड्या वेळाने सतरा नंबरने गोल केला आणि काठी नेमकी त्यांच्या स्टँडकडे उंचावली. नीलाचा हात आपोआप वर गेला. शिरीषने तो धरून खाली आणला.

मॅच संपत आली होती. एक दांडगा खेळाडू मागून आला आणि त्याने सतरा नंबरला कडेच्या फळ्यांवर आपटलं. आवाज वरपर्यंत आला. सतरा नंबर बर्फावर घसरत गेला आणि उठला नाही.

“बरं झालं!”

शिरीष उभा राहून ओरडला होता. असा तो आयुष्यात कधी ओरडला नव्हता. त्याने जोरजोरात टाळ्या वाजवल्या. कालपासून साठलेली सगळी मळमळ त्या टाळ्यांतून बाहेर पडली. फार मोकळं वाटलं.

मग त्याच्या लक्षात आलं की टाळ्या एकट्या त्याच्याच वाजताहेत. सगळं स्टेडियम गप्प होतं. तो थुंकणारासुद्धा टोपी हातात घेऊन उभा होता. शेजारच्या म्हाताऱ्याने हातातला मीट पाय बाजूला ठेवला आणि शिरीषकडे बघितलं, मघाशी शिरीषने त्या मीट पायकडे बघितलं होतं तसंच.

“नॉट ऑन, मेट,” तो म्हणाला. “दॅट्स समबडीज किड.”

शिरीष खाली बसला. नीलाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खाली डॉक्टर गुडघ्यांवर बसले होते. बऱ्याच वेळाने सतरा नंबर त्यांचा हात धरून उठून बसला. आता अख्खं स्टेडियम टाळ्या वाजवू लागलं. शिरीषने हात खिशात घातले.

कुणीतरी हेल्मेटचा पट्टा सोडला. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर शाल्मली दिसली. तिचा ओठ फुटला होता, आणि ती वरच्या रांगांमध्ये आईबाबांना शोधत होती.