दोघांपुरतं विमान

कुपवाडच्या शेडमध्ये बारा वर्षं खपून जयपाल आणि गोमटेशनं दोघांपुरतं विमान बनवलं होतं. मग गोमटेशनं जैन मुनिदीक्षा घेतली. “आता मी पायीच हिंडणार गड्या, इमान तुझं,” एवढं बोलून निघाला. यंदा रोटरी इंजिन जयपालनं एकट्यानंच खोलून पुन्हा बसवलं. आज चाचणीला निघताना तोल साधायला शेजारच्या सीटवर गोमटेशच्या वजनाचं वाळूचं पोतं पट्ट्यानं बांधलं. वर गेल्यावर इंजिन एका सुरात घुमू लागलं. “ऐकतोस का रं, गोम्या?” जयपाल बोलून गेला आणि हात लांबवून पोत्याचा पट्टा आवळला. खाली वारणाकाठच्या रस्त्यानं महाराज झालेला गोमटेश श्रावकांसोबत चालला होता. सगळ्यांनी माना वर केल्या. महाराजांची नजर मात्र, पायाखाली जीव येऊ नये या नेमाप्रमाणं, पावलापुढच्या जमिनीवरच. तिथं विमानाची सावली आली, तसे महाराज थांबले. ती ओढ्यापलीकडं निघून गेल्यावरच त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.