हातचा राखून

"सत्तेचाळीस आणि अडतीस?" दादाने विचारलं.

"पंच्याहत्तर," भिंगरी म्हणाली आणि पेन्सिल कानावर खोचून खिडकीबाहेर बघायला लागली.

दादाने डोळे मिटून घेतले. तिच्या पेपरातल्या आठही बेरजा चुकल्या होत्या आणि प्रत्येक बेरीज बरोब्बर दहाने चुकली होती. सात आणि आठ पंधरा, पाच खाली, हातचा एक. तो हातचा पुढच्या घरात मिळवायचा, एवढंच. हे एवढंच त्याने तिला बटणं मांडून शिकवलं होतं, बाटल्यांची झाकणं मांडून शिकवलं होतं, स्वतःची बोटं मोडून शिकवलं होतं. आता डोक्यावरचे केस तेवढे उरले होते आणि तेही उपटावेसे वाटत होते.

पोरं त्याला दादा म्हणायची; तसा तो काही शिक्षक नव्हता. कॉलेज संपवून वर्षभरासाठी सरकारच्या राष्ट्रसेवा योजनेत आलेला, दोन मापं मोठं सरकारी जाकीट घातलेला पोरगा. शाळेने त्याच्या पदरात गणितात कच्ची असलेली पाच मुलं टाकली आणि खेळाच्या सामानाची खोली दिली. तिथे हवा गेलेल्या चेंडूंच्या ढिगाला टेकून मुलं सकाळभर बेरजा करायची आणि दुपारी आपापल्या वर्गात जाऊन बसायची.

भिंगरीची ही शेवटची संधी होती. मधल्या सुट्टीच्या आत पर्यवेक्षक मॅडम पेपर न्यायला येणार होत्या. पास झाली तर आजपासून पूर्णवेळ तिच्या दुपारच्या वर्गात आणि उन्हाळ्यानंतर वरच्या इयत्तेत. नाहीतर पुन्हा हीच इयत्ता.

"हातचा कुठे गेला तुझा?"

"हातात आहे ना," भिंगरीने मूठ वर करून दाखवली. बाकीची पोरं खिदळली.

तेवढ्यात शेजारची चष्मेवाली अडखळली. अडुसष्ट आणि सतरा. भिंगरीने मानसुद्धा न वळवता तिला कोपर मारलं. "अगं, हातचा विसरलीस! पंच्याऐंशी होतात."

भिंगरीने जीभ चावली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दादाने तिला दाराशी बोलावलं. "म्हणजे तुला येतं."

ती दाराच्या रंगाचे पोपडे काढत राहिली.

"मी इथे घसा कोरडा करतोय आणि तू माझी मजा बघतेस?"

"मजा नाही बघत."

"मग?"

"पास झालं की इथून काढतात," ती पोपड्यांना म्हणाली. "लंबू पास झाला, त्याला काढलं. तो तिकडे मागच्या बाकावर झोपून असतो. कुणी उठवतसुद्धा नाही."

दादाला तिच्यावर भडकायचं होतं, पण राग नेमका कुणावर काढावा तेच त्याला कळेना. बाहेर फाटकाशी मॅडमची स्कूटर येऊन थांबली. प्रशिक्षणात दादासारख्या सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की आपण जाणार हे मुलांना शेवटच्या आठवड्यापर्यंत सांगायचं नाही, मुलं मनाला लावून घेतात. बजावणाऱ्यांची भिंगरीशी कधी गाठ पडली नसावी.

"मी पुढच्या महिन्यात जातोय," तो म्हणाला. "माझं वर्ष संपतंय. तू पास हो नाहीतर नापास हो, मी काही इथे नसणार."

"खोटं."

"खरं."

"मग इथे कोण येणार?"

"येईल कुणीतरी." मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. "कुणी येईल की नाही, तेही माहीत नाही."

आता ही रडणार, असं त्याला वाटलं. पण भिंगरीने कमरेवर हात ठेवले आणि तीच त्याच्यावर उखडली.

"मग आधी नाही का सांगायचं! आधी बरोबर उत्तर काढायचं, मग त्यातून दहा वजा करायचे. दुप्पट काम पडतं, माहितीय तुला? डोकं उठलं माझं!"

तिने पेपर ओढून घेतला आणि कागद फाटेल की काय असं खसाखसा खोडरबर फिरवलं. मॅडम जिना चढून येईपर्यंत आठही बेरजा बरोबर झाल्या होत्या. मॅडमनी पेपर उभ्या उभ्या तपासला, भिंगरीच्या पाठीवर थाप मारली आणि दादाला म्हणाल्या, "बघा, जमतं की हिला. तुम्हीच उगाच मुलांना कच्चं समजता."

सुट्टी संपल्यावर भिंगरीने दप्तर उचललं. दादा वर्गापर्यंत सोबत गेला. शिक्षक कमी म्हणून दोन वर्ग एका हॉलमध्ये कोंबले होते. सत्तर-ऐंशी मुलं आणि आवाज पार बसलेल्या एकट्या बाई. वर्षभर रोज दुपारी भिंगरी याच वर्गात मागे बसून घरी गेली होती.

आज ती दारात उभी राहिली. बाईंनी खडू खाली ठेवला आणि तिच्याकडे निरखून पाहिलं.

"कोण गं तू? नवीन आलीस का?"

दादा पुढे झाला. सांगायला त्याने तोंड उघडलंच होतं, पण भिंगरीने त्याला बोलू दिलं नाही.

"हो," ती म्हणाली. "पुढे बसू?"